डेस्कटॉपला रॅम घेताय? आधी मदरबोर्डाचं पूर्ण नाव काढा

दुकानात जाऊन "दादा, आठ जीबी रॅम द्या" म्हटलं की समोरून लगेच प्रश्न येतो, "कुठली? थ्री, फोर का फाइव्ह? बोर्ड कुठला आहे?" आणि इथे बरेच जण "अहो आय-फाइव्ह आहे" असं सांगून मोकळे होतात. आता आय-फाइव्ह हे नाव २००९ पासून चालू आहे, सुरुवातीच्यांना डीडीआर३ (डीडीआरच्या पुढचा आकडा म्हणजे रॅमची पिढी) लागायची, मधल्यांना डीडीआर४, आणि १२व्या जनरेशनपासून तर एकाच प्रोसेसरला फोरपण चालते आणि फाइव्हपण, म्हणजे या उत्तरावरून दुकानदाराला काहीच कळत नाही. मग तो अंदाजाने काहीतरी देतो, तुम्ही घरी येऊन लावता, आणि पीसी नुसता पंखा फिरवत बसतो, स्क्रीनवर काही नाही.

त्यात २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जे भडकले (एआयवाल्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांची मागणी एवढी वाढवली की आपल्यासारख्यांच्या वाट्याला उरलेलंच येतं) त्यानंतर चुकीची रॅम घेऊन घरी ठेवणं कुणालाच परवडणारं नाही. म्हणून खालचं सगळं रॅम ऑर्डर करायच्या आधी करायचं आहे, नंतर नाही.

पायरी १: बोर्डाचं पूर्ण नाव

विंडोजमध्ये स्टार्टवर क्लिक करून "सिस्टिम इन्फर्मेशन" शोधा, जी खिडकी उघडेल त्यात "बेसबोर्ड मॅन्युफॅक्चरर" आणि "बेसबोर्ड प्रॉडक्ट" अशा दोन ओळी असतात, तेच तुमच्या बोर्डाचं नाव. "सिस्टिम मॉडेल" नावाची ओळपण असते, ब्रँडेड पीसी असेल तर तीसुद्धा लिहून घ्या. पीसी चालूच होत नसेल तर साइडचं पॅनल काढा, बोर्डावरच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, बहुतेक वेळा प्रोसेसरच्या आणि ग्राफिक कार्डच्या स्लॉटच्या मधे. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, सरळ फोटोच दाखवायचा दुकानात.

नाव पूर्ण पाहिजे, शेपटासकट. हे मी परत परत सांगतो कारण सगळा घोळ शेपटातच असतो. उदाहरण म्हणजे इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा), ज्यात १२वी, १३वी आणि १४वी जनरेशन बसते. ह्यात एच६१०, बी६६०, बी७६० अशा चिपसेटचे (बोर्डावरची मुख्य चिप) बोर्ड काही डीडीआर४ चे आहेत काही डीडीआर५ चे, चिपसेट तोच, कंपनी तीच, खोक्यावरचं डिझाइन पण तेच. असूसच्या डीडीआर४ वाल्या बोर्डाच्या नावाला शेवटी "डी४" लावलेलं असतं, एमएसआय आणि गीगाबाइट बऱ्याचदा नावातच "डीडीआर४" लिहितात. त्यामुळे "माझ्याकडे बी६६० आहे" एवढ्यावर रॅम घेतली तर तो जुगार झाला.

नाव मिळालं की बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं पान उघडायचं आणि स्पेसिफिकेशनमध्ये मेमरीचा भाग वाचायचा. तिथे चार गोष्टी असतात: डीडीआर कितवी, स्लॉट किती, जास्तीत जास्त किती जीबी, आणि स्पीडची यादी. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, पुढच्या सगळ्या पायऱ्यांना तोच लागणार आहे.

पायरी २: डीडीआर कितवी

इथे सरळ हिशोब आहे, डीडीआर४ च्या बोर्डात डीडीआर५ बसत नाही आणि उलटही नाही, ॲडॅप्टर वगैरे काही नसतं. दोघींच्या पिना २८८ च आहेत पण मधली खाच वेगळ्या जागी आहे, आणि व्होल्टेजही वेगळं, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. डीडीआर३ च्या पिना २४०. रॅम बसत नसेल तर जोर लावून बसवू नका, खाच जुळत नसेल तर ती तुमची रॅमच नाही, विषय संपला.

एएमडीवाल्यांचं यात सोपं आहे. एएम४ सॉकेट म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे डीडीआर५, अपवाद नाही. रायझन ५६०० किंवा ५६००जी असेल तर फोर, ७६०० किंवा ९६००एक्स असेल तर फाइव्ह. इंटेलचे कोअर अल्ट्रा २०० सिरीजचे नवे डेस्कटॉप प्रोसेसर पण फक्त डीडीआर५ घेतात.

जुने पीसी असतील तर जरा थांबून बघावं लागतं. २री आणि ३री जनरेशन (एच६१ वगैरे) आणि ४थी (एच८१) हे डीडीआर३ वाले, आणि एच६१, एच८१ या दोन्हीला १६ जीबीची मर्यादा आहे, म्हणजे ८ च्या दोन, त्याच्या पुढे नाही. ६वी आणि ७वी जनरेशन मात्र मधली आहे, त्यातले बहुतेक बोर्ड डीडीआर४ चे पण काही डीडीआर३एल चे निघाले होते. तो "एल" म्हणजे कमी व्होल्टेजवाली, १.३५ ची. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची असते, आणि ६व्या ७व्या जनरेशनच्या प्रोसेसरला इंटेलने फक्त १.३५ वालीच सांगितलेली आहे, त्यामुळे "बसतेय ना, मग चालेल" म्हणून १.५ वाली लावायची नाही. उलटं चालतं, एल वाली १.५ च्या जुन्या बोर्डात बिनधास्त लावा.

पायरी ३: लेबल वाचायला शिका

हा भाग कुणी सांगत नाही आणि सगळ्यात जास्त कामाचा हाच आहे, खास करून जुनी रॅम घेणाऱ्यांसाठी. सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉनच्या स्टिकवर (म्हणजे रॅमच्या पट्टीवर) एक स्टिकर असतो, त्यावर साधारण असं लिहिलेलं असतं: ८जीबी १आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही-यूए२. आता तुकडे करून बघू.

८जीबी कळलं. १आरएक्स८ मधला पहिला आकडा म्हणजे रँक (स्टिकवरच्या चिपांचे गट किती), एक का दोन, आणि एक्सच्या पुढचा आकडा चिपची रुंदी. पीसी४ म्हणजे डीडीआर४. २६६६ हा स्पीड. काही स्टिकवर स्पीडच्या जागी मोठा आकडा असतो, पीसी४-२१३०० असं, तो म्हणजे सेकंदाला किती मेगाबाइट जातात त्याचा आकडा, त्याला ८ ने भागा की साधारण २६६६ येतं. तसंच २५६०० म्हणजे ३२००, १९२०० म्हणजे २४००, आणि डीडीआर३ मध्ये १२८०० म्हणजे १६००.

आणि आता खरी गंमत, स्पीडनंतरच्या दुसऱ्या डॅशपुढचं अक्षर. वरच्या उदाहरणात डॅशनंतर "यू" आहे, म्हणजे साधी डेस्कटॉपची रॅम. तिथे "एस" असेल तर ती लॅपटॉपची छोटी रॅम. "आर" असेल तर सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. "ई" असेल तर ईसीसी, म्हणजे चुका स्वतः दुरुस्त करणारी. डीडीआर३ वर हे अक्षर आकड्याला चिकटूनच असतं, पीसी३-१२८००यू असं.

ह्यातली "आर" वाली सगळ्यात धोकादायक. सर्व्हर भंगारात निघाले की त्यातली १६ जीबी, ३२ जीबीची रॅम बाजारात येते, डेस्कटॉपच्या रॅमपेक्षा बरीच स्वस्त, खाच पण जुळते, डीडीआर३ आणि डीडीआर४ मध्ये ती स्लॉटात व्यवस्थित बसते सुद्धा. आणि मग डिस्प्ले येत नाही. साध्या डेस्कटॉप बोर्डावर ती चालतच नाही, बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून पण नाही. झिऑनवाले (इंटेलचे सर्व्हरचे प्रोसेसर) जे एक्स७९, एक्स९९ चे चायनीज बोर्ड मिळतात त्यांच्यावर चालते, आणि त्यांच्यामुळेच लोकांचा गैरसमज होतो की "मित्राकडे चालली म्हणजे माझ्याकडेपण चालेल". डीडीआर५ मध्ये सर्व्हरच्या रॅमची खाचच वेगळी केलीये त्यामुळे तिथे हा प्रश्न मिटला.

अजून एक, ऑनलाइन डीडीआर३ शोधताना "फक्त एएमडीसाठी" असं लिहिलेल्या ८ जीबीच्या स्टिक दिसतील, भाव एकदम कमी. त्यात चिपची मांडणी वेगळी (एक्स४) असते, इंटेलच्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाहीत. इंटेल असेल तर तिकडे बघूच नका.

लॅपटॉपच्या रॅमबद्दल एक टीप. ऑफिसातून निघालेले रिफर्बिश्ड डेल, एचपी, लेनोवोचे छोटे डबे सध्या खूप जण घेतात, त्यातले जे अगदी पुस्तकाएवढे असतात, मायक्रो, मिनी, टायनी अशा नावाचे, ते डेस्कटॉप म्हणून विकले जातात पण आत लॅपटॉपवाली छोटी रॅम लागते. त्याच मॉडेल नंबरचा थोडा मोठा डबा असेल तर त्यात मोठी रॅम. म्हणून इथेही नुसता मॉडेल नंबर पुरत नाही, डब्याचा प्रकारही सांगायचा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे "फॉर्म फॅक्टर" समोर काय लिहिलंय बघा, डीआयएमएम म्हणजे मोठी, त्याच्या आधी एसओ असेल तर छोटी. किती स्लॉट वापरात आहेत तेपण तिथेच दिसतं.

पायरी ४: स्पीड, म्हणजे प्रोसेसर किती घेतो

रॅमच्या खोक्यावर ३६०० लिहिलंय म्हणून ती ३६०० ने धावेल असं नाही. रॅम, बोर्ड आणि प्रोसेसर ह्या तिघांत जो सगळ्यात हळू, तेवढ्यावर सगळं चालतं. समजा आय५-१०४०० आहे आणि बोर्ड एच४१० किंवा बी४६०, तर तुम्ही ३२०० ची लावा नाहीतर ३६०० ची, चालणार २६६६ नेच, कारण त्या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा तेवढी आहे आणि ते चिपसेट त्याच्या पुढे जाऊ देत नाहीत. नुकसान काही नाही, रॅम खराब होत नाही, फक्त जास्तीचे पैसे गेले. भाव सारखाच असेल तर ३२०० ची खुशाल घ्या, पुढच्या पीसीला होईल. १२४०० असेल एच६१० वर तर डीडीआर४ ची ३२०० घ्या आणि सोडून द्या, त्याच्या पुढच्या स्पीडसाठी पैसे टाकून उपयोग नाही कारण एच६१० मध्ये मेमरी ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्या स्पीडच्या वर चालवणं) नाही.

रायझनवर मात्र स्पीडने फरक पडतो. ५००० सिरीजला ३२०० चांगली, ३६०० मिळाली तर अजून चांगली, त्याच्या वर जाऊ नका. एएम५ ला ६००० ची सीएल३० वाली सगळे सांगतात आणि बरोबरच सांगतात.

हे सीएल म्हणजे काय तर डेटा मागितल्यावर यायला किती चक्रं लागतात तो आकडा. नुसता कमी बघून घेऊ नका, स्पीडबरोबर बघायचा. सीएलला २००० ने गुणा आणि स्पीडने भागा, येतात ते नॅनोसेकंद. ३२०० सीएल१६ चे १० येतात, ६००० सीएल३० चे पण १०. म्हणजे "डीडीआर५ चा सीएल जास्त म्हणजे ती हळू" हे जे बोललं जातं त्यात तथ्य नाही. पण ६००० मध्येच सीएल४० पण मिळते, ती १३ च्या पुढे जाते, भावात थोडासाच फरक असेल तर ३० वाली घ्या.

पायरी ५: किती जीबी आणि किती स्टिक

माझं स्पष्ट मत, आज नवीन पीसीत ८ जीबी घेऊ नका. क्रोमच्या टॅब, झूम आणि एक्सेल एवढ्यातच ती संपते. साधं घरचं ऑफिसचं काम असेल तर १६, एडिटिंग किंवा मोठे गेम असतील तर ३२. जुन्या एच६१ वाल्या पीसीला ८ पुरेत, त्याच्यावर जास्त पैसे टाकूच नका, त्यापेक्षा एसएसडी टाका.

१६ म्हणजे १६ ची एक का ८ च्या दोन? दोन घ्या. दोन स्टिक असल्या की ड्युअल चॅनल चालू होतं, मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद होतो. वेगळं ग्राफिक कार्ड नसेल, म्हणजे ५६००जी सारखा प्रोसेसर असेल ज्याचं ग्राफिक रॅममधूनच मेमरी घेतं, तर गेममध्ये फरक डोळ्याला दिसतो. फक्त एक विचार करा, बोर्डाला दोनच स्लॉट असतील आणि पुढे ३२ करायचा बेत असेल तर ८ च्या दोन घेतल्यावर नंतर दोन्ही काढाव्या लागतील. तेव्हा १६ ची एक आत्ता, एक नंतर, हेपण चालतं, पण मग नंतरची तीच आणि तशीच मिळेल याची खात्री नाही.

आणि जुनीच्या जोडीला नवीन घेताय? ही सगळ्यात नेहमीची केस. तर जुनीचं लेबल बघून तोच स्पीड, तेवढीच जीबी, जमलं तर तोच रँक आणि तीच कंपनी घ्यायची. वेगळी घेतली तर बहुतेक वेळा चालते, २६६६ आणि ३२०० एकत्र लावल्या की दोन्ही २६६६ ने चालतात, ८ आणि १६ लावली तरी इंटेलवर काही भाग ड्युअलमध्ये चालतो. पण "बहुतेक वेळा" म्हणजे नेहमी नाही, आणि एक्सएमपी (रॅम खोक्यावरच्या जादा स्पीडने चालवायचं बायोसमधलं सेटिंग) चालू करून मिक्स स्टिक लावल्या की मधेच निळी स्क्रीन यायला लागते आणि माणूस विंडोजला शिव्या घालत बसतो. डीडीआर५ मध्ये तर मी मिक्स करूच नका म्हणेन. पॅकमध्ये दोन असलेला किट घ्या, आणि चार स्लॉट असले तरी दोनच भरा. रायझन ७००० ला दोन स्टिकवर अधिकृत ५२०० आहे, चार लावल्या की ३६०० वर येतं, एवढा मोठा फरक.

पायरी ६: सपोर्ट लिस्ट

बोर्डाच्या त्याच पानावर सपोर्टमध्ये "मेमरी सपोर्ट" किंवा "क्यूव्हीएल" नावाची यादी असते, कंपनीने स्वतः लावून बघितलेल्या स्टिकची. प्रोसेसरप्रमाणे वेगवेगळी यादी असते, आपली निवडा, आणि जी रॅम घ्यायची तिचा पूर्ण पार्ट नंबर त्यात शोधा. यादीत नसली तर चालणार नाही असं अजिबात नाही, बाजारातली प्रत्येक स्टिक कुणी लावून बघत नाही. डीडीआर४ च्या ३२०० ला मी यादी बघायचा आग्रह धरणार नाही. पण डीडीआर५ ची ६००० किंवा वरची घेताय, किंवा २४ आणि ४८ जीबीच्या त्या विचित्र साइजच्या स्टिक घेताय, तर नक्की बघा, आणि बायोसची कुठली आवृत्ती लागते तेपण बघा, जुन्या बायोसवर ह्या २४, ४८ वाल्या ओळखल्याच जात नाहीत.

मोठा टॉवर कूलर लावला असेल तर रॅमची उंची पण बघून घ्या. ते चकाकणारे आरजीबी मुकुट कूलरच्या पंख्याला अडतात, मग पंखा वर सरकवावा लागतो आणि वर सरकवला की कॅबिनेटचं झाकण लागत नाही.

घेताना

जीएसटीचं बिल घ्या, बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि "चालली नाही तर बदलून देणार का, किती दिवसांत" हे पैसे द्यायच्या आधी विचारा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असा किंवा तालुक्याच्या दुकानात, हा प्रश्न विचारायला लाजायचं नाही. जमत असेल तर सीपीयूचा अख्खा डबाच उचलून न्या आणि तिथेच लावून बघा. स्टिकरला हात लावू नका, स्टिकर निघाला की वॉरंटी गेली.

बसवणं

भिंतीवरचं बटण बंद, वायर काढा, मग पीसीचं पॉवर बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून मग रॅम धरा, कडेने, सोनेरी पिनांना बोट नको. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा, ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. खाच जुळवा, दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्या, क्लिप टक् करून बसली पाहिजे. काही बोर्डांना एकाच बाजूला हलणारी क्लिप असते, दुसरी तुटली असं समजू नका.

एएम५ वर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, मेमरी ट्रेनिंग (बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असतं, घाबरून बटण दाबत बसू नका, चहा करून या. बाकी कुठल्या बोर्डावर डिस्प्ले आला नाही तर रॅम काढून परत बसवा, मग एकच स्टिक ए२ मध्ये लावून बघा, मग दुसरी तशीच. बोर्डावर "डीरॅम" लिहिलेला छोटा लाइट पेटून राहिला असेल तर गडबड मेमरीतच आहे. तरी नाही जमलं तर ती सीआर२०३२ वाली गोल बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा, बायोस मूळ सेटिंगवर येतं.

चालू झाला की बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (इंटेल) किंवा एक्सपो (एएमडी, डीडीआर५) चालू करायला विसरू नका, नाहीतर ६००० चे पैसे देऊन रॅम ४८०० वर चालत राहील आणि कुणी सांगणारही नाही. ब्रँडेड ऑफिस पीसीत हे ऑप्शन बहुतेक नसतातच, तिथे मुळात साधी स्टँडर्ड स्पीडची रॅमच घ्यायची. मग सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर उघडून स्पीड बघा, तिथे आकडा निम्मा दिसतो, ३२०० च्या रॅमला १६००, तो बरोबर आहे, दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. एसपीडी टॅबमध्ये प्रत्येक स्लॉटमधली स्टिक, तिची कंपनी आणि पार्ट नंबर दिसतो, तो स्टिकरशी जुळवा. जुळत नसेल तर मात्र भांडायला जा.

शेवटी मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा, फुकट आहे. एक जरी लाल एरर आली तरी आधी एक्सएमपी बंद करून परत चालवा, तरी आली तर स्टिक बदलून घ्यायची, आणि हे सगळं दुकानदाराने दिलेली बदलीची मुदत संपायच्या आत करायचं.